पुलावरील रेघा

वहींतील समासाबाहेर लिहूं नये, हें तुम्हांस पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यांत येतें. रस्त्यावरही असे समास आंखलेले असतात. परंतु ते वाचावयास फार थोडे लोक शिकतात. मोठ्या वर्दळीच्या पुलावर ही उणीव विशेष जाणवते. म्हणून त्या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुलाचा व वाहतुकीच्या नियमांचा संबंध जुना आहे. लंडन शहराच्या जुन्या पुलावर दोहों बाजूंस घरें व दुकानें होतीं. त्यामुळें वाट अरुंद होऊन गाड्यांचा खोळंबा होत असे. १७२२ सालीं तेथील लॉर्ड मेयरनें हुकूम काढिला कीं, शहरांत येणाऱ्या गाड्यांनीं पुलाच्या पश्चिम बाजूनें यावें व बाहेर जाणाऱ्यांनीं पूर्व बाजूनें जावें. शहर नदीच्या उत्तरेस आहे. आतां उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पश्चिम तुमच्या डाव्या हातास येईल. म्हणजे हा डावीकडून चालण्याचाच नियम झाला! त्या काळीं रेघ नव्हती. हुकूम पाळविण्यास माणसें नेमावीं लागलीं. आजची रेघ त्या माणसांच्या जागीं उभी आहे.

तिची भाषा सोपी आहे. रस्त्याच्या पट्ट्यांमधील, म्हणजे लेनमधील, तुटक पांढरी रेघ मार्ग निर्धोक असल्यास ओलांडावी. तिचे तुकडे लांब व मधल्या जागा आखूड होऊं लागल्या, तर पुढें धोका आहे असें समजावें. अखंड रेघ ओलांडूं नये. दोन्ही जोडीनें असतील, तर आपल्या बाजूस जी जवळ तिची आज्ञा मानावी.

मग पुलावरच घोंटाळा कां होतो? एक तर तेथें अनेक रस्ते एकत्र येतात व पलीकडे पुन्हां फुटतात. गाडी थांबवून विचार करावयास किंवा मागें वळावयास जागा नसते. चाकांखालीं रंग झिजतो. नव्या रेघा आंखल्या तरी जुन्या पुरत्या पुसल्या जात नाहींत, व पावसांत रात्रीं दोन्ही सारख्याच चमकतात. दर्शक बाण पुढील गाड्यांखालीं झांकून जातात. तो दिसतो तेव्हां उशीर झालेला असतो, आणि हांकणारा एकदम आडवा घुसतो.

हा दोष सर्वस्वीं हांकणाऱ्याचा नव्हे. १९३२ सालीं खुला झालेल्या सिडनी येथील बंदरावरील पुलाचे मधले कांहीं पट्टे वेळेनुसार कधीं एका दिशेस, तर कधीं दुसऱ्या दिशेस चालवितात. तेथें रंगाची रेघ अपुरी पडते. म्हणून वर दिवे टांगून हिरव्या बाणानें वाट खुली व तांबड्या फुलीनें बंद असल्याचें दाखवितात. रेघ आंखणाऱ्यानें स्पष्ट बोलावें, हेंही कर्तव्यच आहे.

आपलें कर्तव्य कोणतें? पूल येण्यापूर्वींच पाट्या वाचून पट्टा निवडावा. तो बदलावयाचा झाल्यास आधीं आरशांत पाहावें, मग इशारा द्यावा, खांद्यावरून मागें नजर टाकावी, आणि एका वेळीं एकच पट्टा ओलांडावा. आपल्या देशांतील २०१७ सालच्या नियमांतही इशारा दिल्यावांचून पट्टा बदलूं नये, असेंच सांगितलें आहे. फांटा चुकला तर तसेंच पुढें जावें. चुकलेला फांटा वळसा घालून पुन्हां गांठतां येतो. गेलेला जीव गांठतां येत नाहीं.

सायकलवरील मुलांनीं बस व कठडा यांच्या फटींत कधींही शिरूं नये. वडिलांच्या मागें बसणाऱ्यांनीं "शाळेस उशीर होतो, लवकर चला," असा तगादा लावूं नये. आणि पालकांनींही घरून थोडें आधीं निघावें.

आपला शेजारी कोण, या प्रश्नाचें उत्तर प्रभु येशूनें यरीहोच्या वाटेवरील एका गोष्टीनें दिलें. त्या वाटेवरचा जखमी मनुष्य अनोळखीच होता. पुलावर आपल्या बाजूच्या पट्ट्यांतून जाणाराही तसाच अनोळखी असतो. त्यास सुखरूप घरीं पोहोंचूं देणें हा शेजारधर्मच होय.