औषधाच्या बाटलीबाहेरचें आरोग्य

पाठ : २ राजे २:१९-२२; मार्क ५:२२-४३

यरीहो नगराचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे आले, तेव्हां त्यांनीं आपलें दुःख कसें मांडलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. नगराची जागा चांगली होती, परंतु पाणी वाईट होतें व त्यामुळें जमीन निष्फळ झाली होती, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. हेच लोक आज आमच्या मंडळीच्या दाराशीं आले असते तर आम्हीं काय केलें असतें? ज्यांस ज्यांस बाधा झाली होती त्यांस एकेक करून बोलाविलें असतें, कोणास औषध दिलें असतें, कोणासाठीं प्रार्थना केली असती, आणि सायंकाळीं सर्वांस त्याच झऱ्याचें पाणी पिण्यास घरीं लाविलें असतें. संदेष्ट्यानें असें केलें नाहीं. त्यानें नवें भांडें व मीठ मागविलें आणि तो उगमापाशीं गेला. मूळ इब्री भाषेंत रोगी बरा करण्यासाठीं जें क्रियापद योजितात तेंच ह्या ठिकाणीं पाण्यासाठीं योजिलें आहे. म्हणजे ह्या गोष्टींत रोगी कोणी माणूस नाहीं. झरा रोगी आहे, व तो बरा होतो.

हा पाठ आम्हीं आज मुद्दाम निवडिला आहे. इंग्रजी औषधांपलीकडे जाऊन सबंध माणसाचें आरोग्य पाहिलें पाहिजे, असें अलीकडे पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें. म्हणणें खरें आहे. परंतु त्याचे दोन अर्थ होतात, व त्या दोहोंत जीवन-मरणाइतकें अंतर आहे. एक अर्थ असा कीं, गोळी व सुई ह्यांच्या जोडीला अन्न, पाणी, विसांवा, शेजाऱ्याचा आधार व मनाची शांति हीं पाहिजेत. दुसरा अर्थ असा कीं, गोळी व सुई टाकून द्या आणि आमचा काढा घ्या, किंवा आमच्या सभेस या. पहिला अर्थ आम्हांस शास्त्रांत व अनुभवांत दोन्हीकडे सांपडतो. दुसऱ्याविषयीं पुढें बोलूं.

पहिल्या अर्थाचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास सन २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, वडाळा येथें मिशनचें रुग्णालय होतें. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबेल आरोळे हीं वेल्लोरला शिकून १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें सेवेस होतीं. ह्या उभयतांस तेथें एक गोष्ट खुपूं लागली. तेंच मूल जुलाब होऊन येई, बरें होऊन जाई, आणि थोड्या दिवसांनीं पुन्हां येई. कारण घरचें पाणी तेंच, व घरचें रिकामें मडकेंही तेंच. रुग्णालय कितीही चांगलें चाललें तरी तें झऱ्याच्या खालच्या बाजूस उभें होतें. सन १९७० मध्यें तीं दोघें जामखेडास आलीं. हा तालुका अवर्षणाचा. सन १९७२ च्या दुष्काळाची आठवण तिकडील वृद्ध माणसें अजून काढितात.

तेथें त्यांनीं लोकांस प्रथम विचारलें कीं, तुम्हांस काय पाहिजे? लोकांनीं दवाखाना मागितला नाहीं. अन्न आणि पाणी मागितलें. कित्येक भल्या डॉक्टरांस हें उत्तर आवडलें नसतें. आरोळे दांपत्यानें तें मानिलें. लहान मुलांसाठीं गांवोगांवीं सामायिक स्वयंपाक सुरू झाला, आणि विंधणविहिरी खणून हातपंप बसविण्यांत आले. पंप कोठें बसवावयाचा हा प्रश्न आला तेव्हां त्यांनीं दलित वस्तींत जागा धरिल्या. ज्यांनीं पिढ्यानुपिढ्या शेजाऱ्यास विहिरीस शिवूं दिलें नव्हतें, ते आतां हंडा घेऊन त्याच शेजाऱ्याच्या अंगणांत पाण्यास येऊं लागले. दूषित पाण्याचा रोग आणि शिवाशिवीचा रोग ह्या दोहोंस एकाच पंपाचा उपाय लागला. असें औषध कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.

पुढें शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या, पण त्या परक्या पडल्या. त्यांस गांव मानवेना, व गांवास त्या मानवेनात. मग गांवानें आपल्यांतलीच एखादी स्त्री निवडावी असें ठरलें. निवडलेल्यांपैकीं पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, कित्येक नवऱ्यानें टाकिलेल्या. त्या जामखेडास येऊन एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या, आणि शिकल्या. मूल कसें तोलावें, बाळंतपणांत नाळ स्वच्छ पात्यानें कशी कापावी, कातडीवरचा बधिर डाग पाहून महारोग आरंभींच कसा ओळखावा, हें त्यांनीं शिकून घेतलें व घरोघरीं शिकविलें. ज्या बाईच्या हातचें पाणी कोणी घेत नसे, तिच्याच हातीं गांव आपल्या सुना बाळंतपणास देऊं लागलें. त्या भागांत सन १९७१ मध्यें दर हजार जन्मांमागें १७६ मुलें वर्ष भरण्याच्या आंत मरत होतीं. १९९३ पर्यंत तो आंकडा तिशीच्या आंत आला. ह्या कामासाठीं आरोळे दांपत्यास सन १९७९ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. डॉ. मेबेल १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. जामखेडचें रुग्णालय बंद झालें नाहीं. अडलेली बाळंतीण, शस्त्रक्रियेचा रोगी, सेविकेच्या हातापलीकडची दुखणीं, हीं सर्व तेथेंच जात. सेविकेच्या शहाणपणाचा मोठा भाग हा कीं, रोगी केव्हां पुढें पाठवावा हें तिला समजे.

ह्याच सुमारास मिशनकार्यांतील वडीलधाऱ्यांसही हा प्रश्न पडला होता. जर्मनींतील ट्यूबिंगेन ह्या गांवीं सन १९६४ मध्यें मिशनचे डॉक्टर व धर्मज्ञ जमले आणि त्यांनीं विचार केला कीं, बरें करण्याची सेवा डॉक्टरांनाच दिली आहे काय? त्यांचा निष्कर्ष असा कीं, ती सबंध मंडळीस सोंपविली आहे. चार वर्षांनीं जिनीव्हा येथें जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेनें त्यासाठीं वैद्यकीय आयोग नेमिला, व जामखेडसारख्या कामास त्याचें पाठबळ लाभलें. सन १९७८ मध्यें आल्मा-आटा येथें अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं प्राथमिक आरोग्याची जी घोषणा केली, तिच्यांतही स्वच्छ पाणी व पुरेसें अन्न हीं आरोग्यसेवेचींच अंगें गणिलीं आहेत.

आतां मार्काच्या पांचव्या अध्यायाकडे वळूं. प्रभूनें याईराच्या कन्येस उठविलें. घरांतील सर्व माणसें विस्मयानें थक्क झालीं होतीं. अशा वेळीं त्यानें काय सांगितलें? मुलीस खावयास द्या. चमत्कार झाला तरी पोरीच्या पोटांत भूक होतीच, आणि ती भागविण्याचें काम त्यानें आईबापांवर सोंपविलें. उपदेशकहो, हा शब्द आम्ही वाचतांना किती वेळां ओलांडून जातों!

अन्न हें औषधाचा अर्धा भाग आहे, हें क्षयरोगाच्या बाबतींत आतां मोजून सिद्ध झालें आहे. झारखंडांतील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या दहा हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचें फळ सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. रोग्यांस तर सर्वत्र औषध व शिधा मिळतच होता. परंतु कांहीं गांवांत घरच्या इतर माणसांसही दरमहा माणशीं पांच किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यांत आली. ज्या घरांत हा शिधा पोंचला तेथें नव्यानें क्षय जडण्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ४० नें उतरलें. तांदूळ आणि डाळ! आमच्या सुगीच्या दिवशीं मंदिराच्या पायरीवर जें धान्य येतें, त्यांतून एखाद्या क्षयरोग्याच्या घरास सहा महिने डाळ पुरविणें कोणत्या मंडळीस अशक्य आहे? सरकारही क्षयरोग्यास आहारासाठीं महिन्यास पैसे देतें. सन २०१८ पासून ते ५०० रुपये होते व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. ते बँकेच्या खात्यांत जमा होतात, आणि ज्याचें खातें नाहीं त्याचे अडतात. अशा बंधूबरोबर बँकेंत जाऊन अर्ज भरून देणें हीही रोगी भेटच होय.

त्याच अध्यायांतील रक्तस्रावी स्त्रीची गोष्टही आरोग्याचीच आहे. बारा वर्षें तिनें पुष्कळ वैद्यांपायीं सर्व कांहीं खर्चिलें होतें. तिचा स्राव वस्त्रास शिवतांक्षणीं थांबला; मग प्रभूनें तिला गर्दींतून पुढें कां बोलाविलें? शरीर बरें झालें होतें, पण ती अजून चोरून आलेली, लोकांनीं दूर ठेविलेली बाई होती. त्यानें तिला सर्वांदेखत कन्या म्हटलें, तेव्हां ती पूर्ण बरी झाली. आमच्या खेड्यांतून महारोग किंवा क्षय होऊन गेलेलीं माणसें आहेत. त्यांच्या घरीं चहा घेण्यास आम्ही अजून कचरतों. ज्या सुना सर्वांमागून, उरलेंसुरलें जेवतात व ज्यांच्या अंगांत रक्त नाहीं, त्यांस लोहाच्या गोळ्या देणें योग्यच. पण गोळीबरोबर ताटाचा क्रमही बदलावा लागतो, आणि हें काम सासूचें व नवऱ्याचें आहे, डॉक्टरांचें नव्हे. कांहीं भगिनी वर्षानुवर्षें डोकें दुखतें, छाती भरून येते म्हणून सलाईन लावून घेत फिरतात. कोणी तासभर शांतपणें त्यांचें ऐकून घेतलें तर दुखणें कोठें आहे तें कळेल. आणि मन फारच खचलें असेल तर त्याच्यासाठींही डॉक्टर व औषध आहे, त्यांत लाज नाहीं.

आतां दुसऱ्या अर्थाविषयीं. झाडपाल्याचा आम्ही तिरस्कार करीत नाहीं. सर्पगंधेच्या मुळींतून सन १९५२ मध्यें रेसरपीन नांवाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व रक्तदाबावर तें जगभर वापरलें गेलें. सर्दीस तुळशीचा काढा, गुडघ्यास तिळाच्या तेलाची मालीश, हें आमच्या आयांनीं केलें व आम्हीही करितों. परंतु मधुमेही लेंकराचें इन्सुलिन काढ्यासाठीं बंद करणारा, साप चावलेल्यास लशीच्या रुग्णालयाऐवजीं मांत्रिकाकडे नेणारा, किंवा क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यांत खोकला थांबला म्हणून फेंकून देण्यास सांगणारा मनुष्य, तो भगवीं वस्त्रें घालो अथवा हातांत शास्त्र धरो, लोकांच्या जिवाशीं खेळतो. क्षयाचे जंतु खोकल्याबरोबर जात नाहींत. औषध अर्धवट सोडल्यास ते त्याच औषधास दाद देईनासे होतात, व मग घरच्या माणसांसही तोच बळावलेला रोग लागतो. कांहीं भस्मांत शिसें व पारा सांपडला आहे, तेव्हां 'नैसर्गिक' ह्या शब्दावरही भिस्त ठेवूं नये.

कोणी म्हणेल, गोळी घेणें हा अविश्वास नव्हे काय? हिज्कीया राजा मरणोन्मुख असतां त्यानें रडून प्रार्थना केली व देवानें ती ऐकिली, असें २ राजे, अध्याय २० यांत आहे. तरी त्याच यशयानें, ज्यानें हा निरोप आणिला, गळवावर अंजिरांचें पोटीस बांधावयास लाविलें. प्रार्थना आणि पोटीस एकाच बिछान्यापाशीं होतीं.

हा पाठ वर्गांत नुसता वाचून सोडूं नये. उपदेशकानें बरोबर एक लिटरचें माप, चहाचा चमचा, साखर व मीठ न्यावें. उन्हाळ्यांत व पावसाळ्याच्या तोंडीं जुलाबानें मुलें दगावतात, तीं बहुधा अंगांतील पाणी व क्षार गेल्यानें. आणि कित्येक घरांत तर पाणी दिल्यास जुलाब वाढतील म्हणून तहानलेल्या लेंकराचें पाणीच तोडतात. साखर आंतड्यांतून मिठास व पाण्यास आंत ओढून घेते, म्हणून दोन्ही मिळून द्यावयाचीं. सन १९७१ मध्यें बांगला निर्वासितांच्या बोनगांवच्या छावणींत पटकी पसरली व शिरेंतून द्यावयाचें पाणी संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं असेंच मिश्रण पिंपांत भरून नातलगांच्या हातीं दिलें. जेथें शेंकडा तीस माणसें मरत होतीं तेथें चारांहून कमी मरूं लागलीं. 'आशा' ताईकडे ह्याचीं तयार पाकिटें फुकट मिळतात, व जस्ताच्या गोळ्याही. त्या गोळ्या चवदा दिवस पुऱ्या द्याव्या. पाकीट नसेल तेव्हां एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत साखरेचे सपाट सहा चमचे व मिठाचा सपाट अर्धा चमचा घालावा. अंगावरचें दूध चालूच ठेवावें. मूल सुस्त झालें, डोळे खोल गेले, पिईनासें झालें किंवा शौचांत रक्त दिसलें, तर थांबूं नये. ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.

वर्गांतील प्रत्येक आईकडून हें मिश्रण एकदां करवून घ्यावें व तिलाच चाखावयास द्यावें. डोळ्यांतील पाण्याहून खारट लागल्यास तें ओतून टाकून पुन्हां करावें.