वाचनालयाचा संगणक : जुनी प्रणाली राखावी की बदलावी?

प्रश्न : काळाचौकीतील आमच्या वाचनालयाच्या संगणकावर उबंटू 20.04 असून सभासदांचे सर्व दफ्तर त्यातच आहे. यंत्र सुरळीत चालत असता प्रणाली बदलावी काय?

उत्तर : अवश्य बदलावी, कारण वरकरणी निर्वेध चालणाऱ्या या प्रणालीच्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत मे 2025 मध्ये संपुष्टात आली असून, ज्या दफ्तरात शेजाऱ्यांनी विश्वासाने आपली नावे व पत्ते नोंदविले, ते उघड्या दाराशी ठेवणे उचित नव्हे. प्रथम दफ्तराची नक्कल बाह्य डिस्कवर घ्यावी, तीतील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून खातरजमा करावी आणि तदनंतरच आधी 22.04 व मग 24.04 असा क्रम पाळावा. या मार्गात मधली पायरी गाळता येत नाही.