सदोष निविष्ठा, मोफत विधी साहाय्य आणि शेतातील पुरावा

पेरलेले सोयाबीन उगवले नाही, किंवा कपाशीवर फवारलेले कीटकनाशक निष्प्रभ ठरले, तर अल्पभूधारक शेतकरी सहसा भरपाईच्या मागे लागत नाही. भरपाई मिळेल की नाही हे अनिश्चित, वकिलाचा खर्च मात्र निश्चित, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब अव्यवहारी नाही. परंतु पात्र व्यक्तीस दिवाणी प्रकरणातही शासकीय खर्चाने वकील मिळतो, ही बाब त्यात धरलेली नसते. मोफत वकील केवळ फौजदारी खटल्यातील आरोपीस मिळतो, असा समज अद्याप सर्वत्र आढळतो.

राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-क समाविष्ट झाला. त्यानुसार झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आहे. या अधिनियमातील ‘न्यायालय’ या संज्ञेत दिवाणी व फौजदारी न्यायालयांबरोबर महसुली न्यायालये आणि अर्धन्यायिक अधिकार असलेली प्राधिकरणेही येतात. त्यामुळे वारसनोंदीचा वाद असो वा ग्राहक आयोगातील तक्रार, दोन्हींसाठी साहाय्य मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, तसेच पूर, दुष्काळ यांसारख्या आपत्तींनी ग्रस्त व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. बुऱ्हाणपूर, बेळगाव किंवा आदिलाबाद परिसरातील मराठी भाषक शेतकऱ्यांना त्या त्या राज्याची मर्यादा लागू होते. उत्पन्नाबाबत प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते.

अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. अर्ज मंजूर झाल्यास वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च प्राधिकरण सोसते. निविष्ठेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात मुळात शुल्कच नाही.

शेतकरी हा ‘ग्राहक’ आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आंध्र प्रदेशातील बियाणे प्रकरणात निकाली काढला. राष्ट्रीय बीज निगमाचे म्हणणे होते की, बियाणे अधिनियम असताना ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, शिवाय शेतकऱ्यांनी बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतलेली नाही. न्यायालयाने ते मान्य केले नाही. हाती असलेले सर्व बियाणे शेतकरी पेरतो. त्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच रास्त नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. गरीब तक्रारदाराच्या वकिलास या निर्णयाचा मोठा आधार आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. फवारणी अपयशी ठरण्याचे कारण बनावट औषध हेच असते असे नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की अस्सल कीटकनाशकही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. किडीत प्रतिकारक्षमता निर्माण झालेली असू शकते, मात्रा कमी पडलेली असू शकते, फवारणीनंतर लगेच पाऊस झालेला असू शकतो. विरुद्ध पक्षाचा वकील नेमके हेच मुद्दे मांडणार. त्यांना उत्तर देणारी माहिती मोफत वकिलाकडे नसते, कितीही निष्णात वकील असला तरी. ती शेतातूनच यावी लागते. म्हणून पक्के बिल आणि बॅच क्रमांक व मुदत दिसेल असे वेष्टन जपावे. उरलेले औषध मूळ बाटलीतच, मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलूपबंद ठेवावे. फवारणीची तारीख, प्रति पंप मात्रा आणि नंतरचा पाऊस यांची नोंद त्याच दिवशी करावी. फवारणीपूर्वी व नंतर मोजलेल्या अळ्यांची संख्या असेल तर उत्तमच. एखादी ओळ न फवारता सोडलेली असल्यास तिचे छायाचित्र अनेक पानी युक्तिवादापेक्षा अधिक बोलते.

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पाहणीचा अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञांवरही येथे जबाबदारी येते. ‘किडीचा प्रादुर्भाव आढळला’ एवढ्या एका वाक्याने वकिलाला काहीच हाती लागत नाही. अन्य शक्य कारणे का नाकारली आणि त्याच भागातील दुसऱ्या बॅचचे औषध वापरलेल्या शेतात काय दिसले, हे अहवालात स्पष्ट यावयास हवे.

ग्राहक आयोगात तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, पीक मात्र काही महिन्यांत शेतातून निघून जाते. त्यामुळे विधी सेवा समितीकडे काढणीनंतर नव्हे, पीक उभे असतानाच जावे. नमुना आणि पाहणीची मागणी कोणाकडे, कोणत्या शब्दांत करावी, हा सल्लाही मोफत मिळतो. त्यासाठी खटला दाखल झालेला असण्याची गरज नाही.

प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटू शकते आणि आधी भरलेले न्यायालयीन शुल्क परतही मिळते. तथापि तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असून त्यावर अपील नाही. हंगामाच्या तोंडावर रोख रकमेची निकड असते आणि कंपनीच्या प्रतिनिधीला ते ठाऊक असते. तेव्हा सही करण्यापूर्वी देऊ केलेली रक्कम केवळ बियाण्याची किंमत आहे की बुडालेल्या उत्पन्नाचाही त्यात विचार झाला आहे, हे नेमलेल्या वकिलाकडून समजून घ्यावे.