चार आचारी, एक तवा

प्रोजेक्टचा प्रोग्रॅम हळू चालला की हॉस्टेलवर एकच सल्ला मिळतो : "थ्रेड टाक!" चार थ्रेड म्हणजे चौपट वेग, असं सरळ गणित. नेहमीच्या पायथॉनमध्ये मात्र ते फसतं.

कारण आहे जी.आय.एल. नावाचं कुलूप. प्रत्येक ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे, याची मोजणी पायथॉन ठेवतो. दोन थ्रेडनी ती एकदमच बदलली तर हिशेब चुकेल. म्हणून एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवता येतो. मेसमध्ये आचारी चार, पण तवा एकच! पोळ्या तेवढ्याच होणार.

मग थ्रेड हवेत कशाला? समजा, शंभर फाइल्स नेटवरून उतरवायच्या आहेत. एक थ्रेड उत्तराची वाट बघताना कुलूप सोडतो आणि दुसरा कामाला लागतो. इथे वेळ खरंच वाचतो.

निव्वळ आकडेमोड असेल तर मल्टिप्रोसेसिंग वापरा. हे मॉड्यूल २००८ साली पायथॉन २.६ मध्ये आलं. यात प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा तवा! पण डेटा इकडून तिकडे न्यायला वेळ लागतो, त्यामुळे काम लहान असेल तर उलट तोटाच.

२०२४ च्या ३.१३ मध्ये कुलपाशिवायचा पायथॉनही प्रयोग म्हणून आला, पण तो वेगळा इन्स्टॉल करावा लागतो.

तेव्हा आधी मोजा. सी.पी.यू. राबतोय की नुसता वाट बघतोय? एवढं कळलं की थ्रेड की प्रोसेस हे ठरवता येतं, आणि व्हायव्हात "हेच का वापरलं?" या प्रश्नाला उत्तरही तयार असतं.