शेंडीचा धडा : प्रस्तरारोहणातील सुरक्षितता आणि खिलाडूवृत्ती

मनमाड जंक्शन सोडून दौंडकडे निघालेली गाडी अनकाईच्या दिशेने वळू लागली की, प्रवाशांची नजर आपोआप खिडकीबाहेर जाते. माळरानावर उभ्या असलेल्या डोंगराच्या माथ्यावर एक उघडाबोडका कातळी सुळका आभाळात घुसलेला दिसतो. मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा त्याचा आकार आहे. हीच हडबीची शेंडी. अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्यांच्या शेजारची ही शेंडी सातमाळा-अजिंठा रांगेतील एक ठळक खूण असून महाराष्ट्रातील प्रस्तरारोहकांना ती अनेक वर्षांपासून आव्हान देत आली आहे.

फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी या सुळक्यावर गेलेल्या एका गटातील दोन गिर्यारोहक कोसळून मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेने अवघा जिल्हा हळहळला. अशा वेळी दोष कोणाचा, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तथापि, पुढे जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. उंच कड्यावर माणसाचा जीव कशाच्या आधारावर टिकतो आणि तो आधार कोठे तुटू शकतो, हा तो प्रश्न होय. प्रस्तरारोहणाचे नियम या प्रश्नाच्या उत्तरातूनच तयार झाले आहेत.

कातळाची ओळख

सह्याद्री आणि त्याच्या उपरांगा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या आहेत. कठीण बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी ठिसूळ, मातकट थर सापडतो. ऊन, पाऊस आणि वारा यांच्या माऱ्याने हा मऊ भाग आधी झिजतो व वरचा कातळ सुटा होतो. त्यामुळे हाताला भक्कम वाटणारा दगडही भार पडताच निसटू शकतो. प्रत्येक पकड आधी ठोकून, हलवून पाहावी आणि मगच तिच्यावर वजन टाकावे, हा आपल्याकडील चढाईचा पहिला पाठ आहे. सुटा दगड दिसल्यास तो खाली न टाकता बाजूला ठेवावा. चुकून निसटलाच तर ‘दगड!’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी. खालच्यांनी त्या वेळी वर पाहू नये, कातळाला चिकटून उभे राहावे. म्हणूनच शिरस्त्राण केवळ चढणाऱ्याने नव्हे, तर पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने घातले पाहिजे.

दुसरा धोका आग्या मोहोळांचा. कड्यांच्या कपारीत ही पोळी असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या चवताळतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळून जाण्यास जागा नसते. चढाईपूर्वी कड्याची पाहणी करणे आणि गावातील गुराख्यांना मोहोळांविषयी विचारणे, ही दोन्ही कामे मोहिमेचाच भाग मानली पाहिजेत.

साधनांचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तरारोहणाचा दोर हा साधा नायलॉनचा दोर नव्हे. आरोहक पडला असता हा दोर काही प्रमाणात ताणला जातो आणि पडण्याचा हिसका स्वतःत जिरवतो. न ताणणारा दोर उतरण्यासाठी किंवा सामान ओढण्यासाठी उपयोगी असला तरी, आघाडीच्या आरोहकाने तो वापरल्यास पडण्याचा संपूर्ण धक्का त्याच्या कमरेवर आणि कातळातील आधारावर येतो. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने साधनांसाठी मानके ठरविली आहेत. एकेरी वापराच्या दोराने ८० किलो वजनाचे किमान ५ प्रमाणित आघात सोसले पाहिजेत. दोर अडकविण्याच्या कॅराबिनर कडीने लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन हजार किलो वजनाइतका, ताण पेलला पाहिजे. मात्र तीच कडी फाटक उघडे राहिल्यास साधारण एक तृतीयांश ताणावरच दगा देऊ शकते. आकड्यांतील हा फरक लक्षात घेतला म्हणजे फाटकाचा स्क्रू लावण्याचा आग्रह कशासाठी, हे उमगते.

उन्हात पडलेला, धारदार कडेवर घासलेला किंवा रसायनाचा स्पर्श झालेला दोर वरून धडधाकट दिसला तरी आतून कमकुवत झालेला असू शकतो. प्रत्येक दोराची नोंदवही ठेवावी, वापरापूर्वी तो वीत-वीत करून हाताखालून घालावा आणि शंका आल्यास विनातक्रार बाद करावा. जुन्या मोहिमांनी कातळात ठोकलेल्या खुंट्या व बोल्ट यांनाही हाच न्याय लागू आहे. त्या कोणी व केव्हा ठोकल्या, हे ठाऊक नसल्यास एकाच खुंटीवर कधीही विसंबू नये. परस्परांपासून स्वतंत्र असे किमान दोन आधार घ्यावेत व दोहोंवर भार सारखा विभागला जाईल अशी बांधणी करावी.

‘लाइन क्लिअर’ची शिस्त

मनमाड हे रेल्वेचे गाव. पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही, हे येथील मुलालाही ठाऊक असते. दोराच्या दोन टोकांना असलेल्या दोघांमधील व्यवहार याच शिस्तीने चालतो. चढणारा ‘तयार?’ असे विचारतो. दोर सांभाळणारा ‘तयार’ असे उत्तर देतो. मगच पहिले पाऊल उचलले जाते. त्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या कमरपट्ट्याचे बक्कल, दोराची गाठ आणि कडीचे फाटक हाताने चाचपून पाहायचे असते. वीस वर्षांचा अनुभवी आरोहक आणि कालचा नवखा यांना हा नियम सारखाच लागू आहे. किंबहुना अनुभवी माणसाला त्याची गरज अधिक असते, कारण सवयीने हात चालू लागले की नजर दुर्लक्ष करू लागते.

उतरण अधिक अवघड

माथ्यावर पोहोचणे म्हणजे निम्मीच मोहीम. चढताना आरोहकाचा भार मुख्यतः त्याच्या हातापायांवर असतो. दोर केवळ चुकीच्या क्षणी कामी येतो. दोरावरून उतरताना मात्र संपूर्ण भार आरंभापासून अखेरपर्यंत आधारावरच असतो. शरीर थकलेले, उजेड उतरणीला लागलेला आणि ‘झाले एकदाचे’ ही भावना मनात, अशा अवस्थेत हे काम करावे लागते.

म्हणून उतरण्याचे नियम कडक आहेत. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात, म्हणजे टोक सुटून खाली जाण्याचा धोका राहत नाही. मुख्य दोराला प्रूसिक गाठीची जोड द्यावी. हात सुटला तरी ती गाठ आवळते आणि माणूस थांबतो. दोर जेथे कडेवर टेकतो तेथे जाड कापड घालावे. पहिल्या माणसासाठी मुख्य आधाराच्या मागे राखीव आधार ठेवावा आणि शक्यतो वजनदार व्यक्तीला प्रथम उतरवून मुख्य आधाराची परीक्षा घ्यावी. सर्वांत शेवटी उतरणाऱ्याला मात्र राखीव आधार काढून, केवळ मुख्य आधाराच्या भरवशावर यावे लागते. त्यामुळे शेवटचा माणूस अनुभवी व वजनाने हलका असावा, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्यांनी आपली साधने सोडू नयेत. पेंटबॉलच्या खेळात मैदान पूर्ण थांबल्याचा इशारा होईपर्यंत डोळ्यांवरील मुखवटा काढू देत नाहीत, त्यामागील तत्त्व हेच आहे. खेळ संपला असे वाटणे आणि तो खरोखर संपणे यांतील काही मिनिटेच घातक असतात.

खिलाडूवृत्तीची कसोटी

टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धांत भिंतीवरील आरोहणाला प्रथमच स्थान मिळाले. तेथे पंच असतात. वेगाच्या शर्यतीत दोन्ही स्पर्धकांना १५ मीटर उंचीचे, तंतोतंत सारखे मार्ग दिले जातात. संकेतापूर्वी निघणाऱ्याची ती शर्यत बाद धरली जाते. इतर प्रकारांत स्पर्धकांना आपली पाळी येईपर्यंत वेगळ्या कक्षात ठेवतात, जेणेकरून इतरांची चढाई पाहून कोणाला गैरफायदा मिळू नये. सुरक्षेसाठी बसविलेल्या बोल्टचा आधार घेऊन वर चढल्यास प्रयत्न तेथेच संपतो.

डोंगरावर मात्र पंच नसतो. पेंटबॉलमध्ये रंगाची गोळी लागलेला खेळाडू स्वतःच हात वर करून बाहेर पडतो. तसाच प्रामाणिकपणा येथे आरोहकाकडून अपेक्षित आहे. खुंटीला धरून चढलेला टप्पा ‘मुक्त चढाई’ म्हणून सांगू नये. पूर्वसूरींच्या मोहिमांचे श्रेय त्यांना द्यावे. नव्या पकडीसाठी कातळ फोडू नये, सुळक्यावर नावे रंगवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वतःची तयारी नेत्याला खरी सांगावी. दमलेला, घाबरलेला सदस्य ‘नको’ म्हणाला तर त्याची थट्टा करू नये. ज्या गटात माघार घेणाऱ्याला मान असतो, त्या गटात अपघाताची शक्यता कमी असते.

शासनाची व समाजाची भूमिका

साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी राज्य शासनाने २०१४ व २०१८ मध्ये निर्णय प्रसृत केले. ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटन उपक्रमांचे धोरण जाहीर करून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. शुल्क भरून मोहिमेला जाणाऱ्या तरुणांनी व त्यांच्या पालकांनी काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. आयोजकांची नोंदणी आहे काय? प्रशिक्षकाने कोणते प्रशिक्षण घेतले आहे? एका प्रशिक्षकामागे किती सदस्य आहेत? प्रथमोपचाराची व सुटकेची तयारी काय आहे? या प्रश्नांनी चिडणाऱ्या आयोजकाबरोबर न जाणेच श्रेयस्कर.

अपघात घडलाच, तर बेशुद्ध होऊन दोरावर लटकलेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर व सुरक्षितपणे खाली आणणे हे पहिले काम होय. पट्ट्यांत निश्चल लटकत राहणे हेच जिवावर बेतू शकते. मानेला वा पाठीला मार लागल्याची शंका असल्यास तिला कमीत कमी हलवावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला नेमके ठिकाण कळवावे व रस्त्यावर एक माणूस उभा करावा. यासाठी मोहिमेची आगाऊ माहिती पायथ्याच्या गावाला व पोलीस ठाण्याला दिलेली असणे उपयुक्त ठरते. राज्यातील गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचाव पथकांनी अशा प्रसंगी आजवर मोलाचे कार्य केले आहे.

साहस हे तारुण्याचे भूषण आहे आणि ते नियमांनी खुंटत नाही. दोराची गाठ दोनदा तपासणारा तरुणच पुढच्या हंगामात अधिक उंच सुळक्याकडे पाहू शकतो. मनमाडच्या माळावर उभी असलेली शेंडी उद्याही तेथेच असणार आहे. आज हवा बिघडली, उशीर झाला किंवा एखादी खुंटी हलली, तर परत फिरून पुन्हा येण्याची वाट मोकळी असते. ती वाट मोकळी ठेवणे हाच प्रस्तरारोहणाचा पहिला आणि शेवटचा नियम आहे.