चकात राहायला जातेस ना, मग ऐक

तुझा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. बढती मिळाली, आणि बढतीबरोबर राजस्थानातल्या श्रीगंगानगर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातली बँकेची शाखा मिळाली. 'ताई, गावाला धड नावसुद्धा नाही, नुसता आकडा आणि पुढे इंग्रजी अक्षरं,' असं म्हणताना तुझा आवाज कापत होता. नवरा पुण्यात, चार वर्षांची लेक तुझ्याबरोबर, आणि चारी बाजूंना वाळवंट. घाबरणारच गं कुणीही. पण मी त्या भागात संसार केलाय. तिथे कशाला जपायचं आणि कशाची उगाच काळजी करायची नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आता थोडी दादागिरी करते, ती ऐकून घे.

आधी ते नावाचं. तिथली बहुतेक गावं म्हणजे 'चक'. कालव्याच्या ज्या फाट्यावर चक बसला, त्या फाट्याची अक्षरं आणि चकाचा क्रमांक, हेच गावाचं नाव. बी बी, एल एन पी, एफ एफ, असली अक्षरं तुला रोज ऐकू येतील. बघ, तिथे गावाच्या आधी पाणी आलं. शंभर वर्षांपूर्वी त्या जागी वाळू होती आणि तुरळक ढाण्या, म्हणजे शेतावरच्या लहान वस्त्या. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ, ज्याला तिथे छप्पनिया म्हणतात, तो पाहिलेल्या बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी फिरोजपूरहून वळवून आणलं आणि १९२७ साली गंग कालवा सुरू झाला. जमिनी कसायला पंजाबातून शीख शेतकरी कुटुंबं आली. १९४७ साली फाळणीत बहावलपूर, लायलपूरकडची घरंदारं सोडून आलेले लोकही तिथेच वसले. शेजारी बागडी बोलणारे जाट आहेत, बिश्नोई आहेत, मेघवाळ आहेत.

हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण तुझी सगळ्यात मोठी भीती 'मी तिथे परकी' ही आहे. खरं सांगू का, त्या गावात मुळातली अशी माणसं फार थोडी. घराघरांत एखादी बेबे, म्हणजे म्हातारी बाई, भेटेल, जिची सासू ट्रंक घेऊन उघड्या माळावर उतरली होती. नव्याने येणाऱ्या बाईला काय लागतं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. तू घराचं कुलूप उघडशील, त्या संध्याकाळीच कुणीतरी दुधाची बरणी नाहीतर सागाची, म्हणजे पालेभाजीची, वाटी घेऊन दारात उभी राहील. संकोच करू नकोस, घे. आणि ते भांडं रिकामं परत करू नकोस, ही आपली रीत तिथेही चालते.

दुसरं म्हणजे, 'मी महाराष्ट्रातली' असं म्हणालीस की वयस्क माणसं हात जोडून 'हजूर साहिब' म्हणतील. आपल्याला नांदेड म्हणजे एक जिल्हा. त्यांच्यासाठी ते शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, १७०८ साली गुरू गोविंदसिंग जिथे ज्योतीजोत समावले ती जागा. नांदेडहून श्रीगंगानगरला थेट गाडी आहे आणि ती यात्रेकरूंनी भरलेली असते. नांदेडला गेली नसशील तर निघण्याआधी जाऊन ये, आणि शक्य झालं तर त्याच गाडीने जा. आणखी एक गोष्ट माहीत असू दे. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कीर्तन ऐकताना कधीतरी 'नामा' कानावर पडेल. पंढरपूरपासून इतक्या लांब, वाळूच्या कडेला ते नाव ऐकताना मला भरून यायचं.

आता गुरुद्वारा. मला काही पाठ येत नाही, मी कशी जाऊ, असं तू विचारलंस. येत नसलं तरी काही अडत नाही. चपला बाहेर ठेवायच्या, पाय धुवायचे, डोकं ओढणीने झाकायचं, आत जाऊन माथा टेकायचा आणि बायकांच्या बाजूला खाली बसायचं. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. तंबाखू, गुटखा त्या आवारात नेणं त्यांना फार खटकतं, म्हणून शाखेतल्या कुणाच्या खिशात पुडी असेल तर त्याला आधीच बजाव. एवढ्यावर भागतं. पण नुसती दर्शनाला जाऊन परत येऊ नकोस. लंगरच्या स्वयंपाकघरात जा आणि लाटणं हातात घे. पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या त्या गोलात गावातलं सगळं कळतं. कुणाची सून बाळंतीण आहे, चांगला डॉक्टर कुठल्या मंडीत, म्हणजे बाजारगावात, बसतो, घरकामाला कोण मिळेल, सगळं. भांडी घासायला बसलीस तर अर्ध्या तासात तुझं नाव, माहेर, पगार आणि नवरा पुण्यात का राहिला, हे सर्वांना ठाऊक झालेलं असेल. त्याचा राग मानू नकोस. चौकशी हीच तिथली माया आहे.

पहाटे भोंग्यावरून पाठ सुरू होतो, तेव्हा पहिले काही दिवस तुझी झोप मोडेल. नंतर तोच आवाज सोबत वाटायला लागतो. हरवलेली म्हैस, कुणाचं निधन, औषधांची गाडी आल्याची खबर, हेही त्याच भोंग्यावरून कळतं. आणि जून महिन्यात, गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाच्या सुमारास, रस्त्यात पोरं तुझी गाडी अडवतील. दचकू नकोस. ती छबील असते, थंडगार गोड दूध-पाणी पाजायला उभी असतात ती. तिथल्या उन्हात त्या पेल्याची किंमत मी तुला शब्दांत सांगू शकत नाही.

पाण्याचा विषय मात्र नीट समजून घे, कारण तुझी नोकरी त्यावरच चालणार आहे. पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे-तीनशे मिलीमीटर. शेती सगळी कालव्याची. प्रत्येकाला त्याच्या जमिनीच्या हिशोबाने आठवड्यातली ठरलेली मिनिटं मिळतात, त्या पाळीला 'बारी' म्हणतात. बारी रात्री दोनला आली तर कस्सी, म्हणजे फावडं, खांद्यावर टाकून रात्री दोनला शेतावर जायचं, मग डिसेंबरातलं धुकं असो की घरात लग्न. नेमकं तेव्हाच वरून पाणी बंद झालं तर 'बारी पिटली', म्हणजे ती गेली, पुन्हा मिळत नाही. म्हणून एखादा शेतकरी ठरलेल्या वेळी आला नाही, किंवा लाल डोळ्यांनी येऊन समोर पेंगायला लागला, तर त्याला बोलू नकोस. आधी विचार, रात्री बारी होती का. एवढ्या एका प्रश्नाने तू त्याच्या घरची होशील.

फाट्याच्या शेवटाला, म्हणजे 'टेल'ला, ज्यांची शेतं आहेत त्यांचे हाल जास्त. पाणी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत सरतं. २००४ साली घडसाना-रावला पट्ट्यात पाण्यासाठी मोठं आंदोलन पेटलं होतं, लोक त्याबद्दल अजून बोलतात. पीककर्जाची फाइल बघताना जमीन किती, हे तर बघच. २५ बिघ्यांचा मुरब्बा, म्हणजे आपले सुमारे साडेपंधरा एकर. पण ती जमीन फाट्याच्या डोक्याला आहे की शेपटाला, हेही विचार. कागदावर दोन्ही मुरब्बे सारखेच दिसतात गं, पिकात नाही दिसत. पैसा येतो तो मोहरी-गहू मंडीत गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये, आणि नरमा, म्हणजे कापूस, निघाल्यावर दिवाळीच्या आसपास. मधल्या काळात आढतिया, म्हणजे आपला अडत्या, उचल देतो आणि शेतकरी त्याच्याशी बांधला जातो. वसुलीच्या तारखा हे ध्यानात ठेवून बोल.

एक गोष्ट तुला जरा कठोरपणे सांगते. लंगरच्या पंगतीत सगळे एका रांगेत जेवतात, आणि ते खरंखुरं आहे, मी तिथे जेवले आहे. पण शेतावर मालक आणि सीरी, म्हणजे सालावर राबणारा गडी, यांच्यात मोठं अंतर असतं, आणि सीरी बहुतेक दलित घरातला असतो, शीख असो वा नसो. तुझ्या केबिनमध्ये मुरब्ब्याचा मालक येऊन खुर्चीत बसेल आणि सीरी दाराशी उभा राहील. त्याला आत बोलाव, बसव, त्याचं खातं त्याच्याशी बोलून चालव. कापूस वेचणाऱ्या बायकांचंही तसंच. त्यांचं पासबुक नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असतं. अंगठा घेण्याआधी रक्कम मोठ्याने वाचून दाखव. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तरी घालू दे. आणि नशेचं संकट त्या भागातल्या घरांत शिरलंय, पाकिस्तानची सीमा जवळ आहे. एखादी आई कर्ज कशाला हवं ते सांगताना अडखळली, तर तिला चार माणसांत विचारू नकोस.

आता लेकीचं. शेतात आणि ढाण्यांवर पाणी साठवायच्या डिग्ग्या असतात, मोठे पक्के हौद. त्यांच्या उतरत्या बाजू निसरड्या असतात, आत पडलेलं मूल आपलं आपण वर येऊ शकत नाही. कुणाकडे गेलीस की चहाच्या आधी डिग्गी कुठे आहे ते विचार आणि पोरीचा हात सोडू नकोस. बाकी कशाची एवढी भीती नाही, याची मात्र बाळग.

उन्हाळा कडक आहे, पारा पन्नासच्या घरात जातो. पण हवा कोरडी असल्यामुळे कूलर असा चालतो की मुंबईकरांना खरं वाटणार नाही. पोरीचा घोळणा फुटेल कदाचित. तिला आडवी करू नकोस, डोकं मागेही टाकू नकोस. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धर, आणि रोज रात्री नाकाच्या कडेला तुपाचं बोट लाव. क्षितिजावर पिवळी-तांबूस भिंत दिसली की ती आँधी. वाळत घातलेले कपडे काढ, खिडक्या लाव, पाण्याच्या टाकीचं झाकण बघ. नंतर घरभर बारीक वाळू निघते, ती झाडत बसताना जीव जातो, पण महिन्याभरात हात आपोआप चालायला लागतात. हिवाळा मात्र हलका समजू नकोस. जानेवारीत पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि घरं थंडगार पडतात. स्वेटर पुण्यातून नेऊ नकोस, तिथेच घे. रजायासुद्धा तिथेच भरून घे.

प्यायचं पाणीही कालव्याचंच, कारण जमिनीतलं बऱ्याच ठिकाणी खारट आहे. मार्च ते मेच्या दरम्यान दुरुस्तीसाठी कालव्याला 'बंदी' असते. बंदी येण्याआधी टाक्या भरून घे. बंदी उठल्यावर येणारं पहिलं पाणी मात्र टाकीत घेऊ नकोस. लुधियानाकडचं कारखान्यांचं सांडपाणी सतलजमध्ये मिसळतं आणि ते काळपट पाणी आधी येतं. तिथले लोक त्यासाठी वर्षानुवर्षं भांडताहेत. उकळून त्यातली रसायनं जात नाहीत, म्हणून आरओ बसवच, भाड्याचं घर असलं तरी.

खाण्यापिण्याची चिंता सोड. मोहरीचं साग, मक्याची भाकरी, बाजरी, ताक, थंडीत किनू आणि साधुवालीची गाजरं. वजन वाढेल तुझं. गोडा मसाला, कोकम आणि थालीपिठाची भाजणी एवढंच इथून ने. थालीपीठ शेजारणींना खाऊ घाल, मिस्सी रोटी खाणाऱ्या त्या, भाजणीची चव त्यांना लगेच पटेल.

आणि एक काम आजच कर. रुजू व्हायची तारीख अजून पक्की झालेली नाही म्हणालीस ना? ऑक्टोबर मागून घे. नरमा निघत असतो, ऊन उतरलेलं असतं, गुरू नानकांचा गुरुपूरब जवळ आलेला असतो आणि गाव मोकळ्या मनाने भेटतं. मे महिन्यात लेकराला घेऊन तिथे उतरू नकोस. साहेबांना अर्ज लिही, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखव.