चालढकल करणारा खरंच मजेत असतो का?

प्रश्न : सोलापुरात माझं चादर-टॉवेलचं छोटं दुकान आहे. जीएसटीचं रिटर्न भरणं, उधारीसाठी फोन करणं ही कामं मी कायम पुढे ढकलतो. घरचे म्हणतात, याला नुसती मजा मारायला हवी. पण मजा येते कुठे? गेल्या थंडीत दोस्तांबरोबर हुरड्याला गेलो, तर आगटीशी बसूनही डोक्यात रिटर्नच. आनंद घेण्याची कुवत आणि चालढकल यांचा काही संबंध असतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : असतो, पण घरच्यांना वाटतो त्याच्या बरोबर उलटा.

फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली मांडलं, की चालढकलीचं मूळ वेळेच्या हिशेबात कमी आणि मनःस्थिती सावरण्याच्या धडपडीत जास्त असतं. उधारी मागायची तर संकोच वाटतो, रिटर्न उघडायचं तर धास्ती. काम बाजूला सारलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि मनाला त्या सुटकेचीच चटक लागते. आता सुटका म्हणजे काही सुख नव्हे. विलंब शुल्क दिवसागणिक चढत असतं, हे मनाला ठाऊक असतंच. म्हणून गूळभेंडीचा कोवळा दाणा आणि शेंगाचटणी समोर असूनही जिभेला चव लागत नाही.

काम टाळून मोबाइलवर घालवलेला तासही असाच. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांच्या संशोधनानुसार एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती प्रत्यक्षात आवडणं, यांमागच्या मेंदूतल्या यंत्रणा बऱ्याच वेगळ्या आहेत. डोपामाइनचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी. अंगठा सरकत राहतो आणि समाधान मात्र होत नाही, ते त्यामुळे.

दुसऱ्या बाजूनेही गाठ आहेच. चालढकलीवरचे असंख्य अभ्यास एकत्र तपासून पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये दाखवलं, की नकोशी वाटणारी कामं आणि उतावळा स्वभाव यांच्याशी तिचं नातं घट्ट आहे. थोडक्यात, दिवसात गोडी कमी तितकी टाळाटाळ जास्त. आणि टाळाटाळ जास्त तितकी उरलीसुरली गोडीही बेचव.

मग करायचं काय? मौज बंद करू नका, तिला दिवस-वेळ नेमून द्या. हुरडा थोड्याच आठवड्यांचा, तो पुढे ढकलता येत नाही, म्हणून आपण तारीख ठरवून जातो. तशीच रिटर्नचीही तारीख त्याच्या आदल्या दिवसाची ठरवा. रुक्ष कामाला आवडीची जोड द्या : एखादी नाट्यगीतांची यादी फक्त बिलं लावतानाच ऐकायची. कॅथरीन मिल्कमन यांनी 2014 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला. रंगतदार कादंबऱ्या ज्यांना फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळत, ते सुरुवातीला तिथे जास्त वेळा गेले. पुढे हा परिणाम ओसरला, तेव्हा गाणी अधूनमधून बदलत राहा.

एक काळजी मात्र घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.

तसं काही नसेल, तर उद्या उधारीचा पहिला फोन सगळ्यात गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला लावा. पैसे आले नाहीत तरी दुसरा फोन सोपा जाईल.